रक्त तपासून कळतं का, अंगात कॅन्सरवालं केमिकल किती गेलं?

कळतं. पण रक्तपेशी मोजून "सीबीसी नॉर्मल आहे, जा कामावर" म्हणतात ती ही तपासणी नव्हे.

मी अंबड एमआयडीसीत सात वर्षं ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) चेंबरवर होतो. सलाइनचे सेट या कॅन्सरवाल्या गॅसने निर्जंतुक करायचे, सायकल संपली की दार उघडून गरम खोकी बाहेर ओढायची. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात चिरलेलं, त्यावर कुणीतरी खाकी चिकटपट्टी मारलेली. रात्रपाळी संपेपर्यंत डोकं ठणकायचं. सेफ्टी ऑफिसरला सांगितलं तर म्हणे, "वास येतो का? नाही ना? मग गॅस कुठला?" अहो, हा गॅस नाकाला कळतो शेकडो पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शेकडो भाग झाल्यावर! अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा १९८४ पासून १ पीपीएम आहे.

हा गॅस हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकावरच्या व्हॅलीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतो. डायबेटिसवाल्यांच्या एचबीएवनसीत साखर चिकटते तीही तिथेच. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे चार महिन्यांची उधारी रक्तात लिहिलेली असते.

हे कुठेतरी वाचून साहेबांना सांगायला गेलो तर हसले. "तू सिगारेट ओढतोस, तुझ्या रक्तात तेच येणार." चारचौघांत गप्प बसलो. अर्धं खरंच होतं, सिगारेटच्या धुरातही इथिलीन ऑक्साइड असतो. पण साहेब, धुरात दुसरं एक केमिकल, अ‍ॅक्रिलोनायट्राइलही असतं आणि ते त्याच व्हॅलीनवर वेगळी खूण ठेवतं. एकाच नमुन्यात दोन्ही मोजता येतात. सिगारेटची खूण थोडी आणि ईटीओची भरमसाट निघाली, तर चेंबर गळतंय. हे उत्तर मला तेव्हा सुचायला हवं होतं.

बाकी, चेंबरजवळ न जाणाऱ्यांचंही रक्त सोबत तपासायला हवं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये बोगद्याच्या कामगारांचं रक्त भेगा बुजवायच्या रसायनातल्या अ‍ॅक्रिलामाइडसाठी तपासलं, तर बोगद्यात पाय न ठेवलेल्यांच्या रक्तातही ते निघालं. त्याचा माग काढताना २००२ मध्ये कळलं, की हे केमिकल तळलेल्या बटाट्यांतही असतं.

आणि हो, गल्लीतल्या पॅथॉलॉजीत हे होत नाही, रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. कॅन्सर होणार की नाही, तेही यातून कळत नाही. किती गेलं, एवढंच कळतं.

नोकरी सोडली की चार महिन्यांत सगळं पुसलं जातं. मला सोडून नऊ वर्षं झाली. तुम्ही अजून कामावर असाल तर राजीनाम्याआधी रक्त द्या, आणि दाराच्या रबराचा फोटो काढा. मी काढला नव्हता.