‘ड्रायव्हर’ला चालक म्हणावं का?

प्रश्न सांगलीचा आहे. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करणारे विचारतात: मदतपुस्तिका मराठीत लिहायची आहे, तर ओडीबीसी-जेडीबीसीच्या (ॲप्लिकेशनने डेटाबेसशी बोलायच्या दोन ठरलेल्या रीतींच्या) प्रकरणात ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ म्हणावं का?

नको. हा ड्रायव्हर काही चालवत नाही, तो दुभाष्या आहे. ॲप्लिकेशनने ठरलेल्या रीतीने केलेली मागणी तो मायएसक्यूएल किंवा ओरॅकल अशा डेटाबेसला कळेल अशा बोलीत पोचवतो. समजावताना ‘दुभाष्या’ खुशाल लिहा. सूचनांमध्ये मात्र ‘ड्रायव्हर’च ठेवा. पडद्यावर तोच शब्द असतो आणि दिवाणजी तोच शोधणार.

खरा घोळ दुसरीकडे होतो. ओडीबीसी आणि जेडीबीसी ही इंटरफेसची नावं, म्हणजे मागणी कशी करायची याचे नियम. म्हणून ‘ओडीबीसी इन्स्टॉल करा’ हे वाक्य लंगडं आहे. विंडोजमध्ये ते आधीपासून असतं, टाकायचा असतो तो त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर. १९९२ सालचं ओडीबीसी सी भाषेच्या वळणाचं, एक्सेललाही चालणारं. १९९७ चं जेडीबीसी जावापुरतं, त्याचा ड्रायव्हर म्हणजे क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे फाइली शोधतं त्या यादीत, ठेवायची एक जार फाइल (जावाच्या कोडचं गाठोडं). कंट्रोल पॅनेलशी तिचा संबंध नाही. जेडीबीसीची मागणी ओडीबीसी ड्रायव्हरकडे नेणारा जुना ब्रिज जावा ८ मध्ये काढून टाकला, तेव्हा त्याचा उल्लेख आता गाळाच.

चुकांचे संदेशही वेगळे. एक्सेल ३२ बिटांचं आणि ड्रायव्हर ६४ बिटांचा असला, की ओडीबीसी ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणतं. गंमत अशी, की ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डीएसएन (डेटाबेसच्या जोडणीची नाव देऊन साठवलेली माहिती) बनवायच्या दोन्ही खिडक्यांच्या फाइलचं नाव ओडीबीसीएडी३२! सिस्टम३२ फोल्डरमधली ६४ बिटांची, सिसवॉव६४ मधली ३२ बिटांची. हे पुस्तिकेत ठळक छापा. जेडीबीसीत ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ आलं तर जार जागेवर नाही, नाहीतर यूआरएलची, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याची, सुरुवात चुकली आहे.

मराठी नोंदींसाठी आणखी एक जागा जपायची. मायएसक्यूएलच्या ओडीबीसी ड्रायव्हरचे दोन प्रकार यादीत दिसतात, युनिकोड आणि आन्सी. युनिकोडच निवडा. विंडोजच्या आन्सी संकेतांत देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे ‘हळद’ची ‘???’ होऊ शकते. ‘सांगली’ची सहा प्रश्नचिन्हं होतात, कारण काना, अनुस्वार, वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. मग घाईने ड्रायव्हर बदलण्याआधी त्या रकान्यावर हेक्स फंक्शन (साठवलेल्या अक्षरांचे संकेतांक दाखवणारं) चालवून पाहा. ३एफ३एफ३एफ आलं, तर प्रश्नचिन्हंच साठवली गेली आहेत. मूळ अक्षरं गेली, नोंद पुन्हा करावी लागेल. टेबल यूटीएफ-८ चं (युनिकोड साठवायच्या पद्धतीचं) असून आकडा ई०ए४ ने सुरू होत असेल, तर माल शाबूत आहे, फक्त वाचणारी बाजू दुरुस्त करा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये रकाना एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवा, आणि क्वेरीत मराठी मजकूर थेट लिहिलात तर अवतरणाआधी एन लावायला विसरू नका.

‘कनेक्शन’ला ‘जोडणी’ उत्तम, नळजोडणी-वीजजोडणीमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. मात्र कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, वापरत असाल तर ‘क्लोज’साठी ‘जोडणी तोडा’ लिहू नका. तिथे ती तुटत नाही, पुलात परत जाते, म्हणून ‘परत करा’ लिहा. परत करायची राहिली, तर पूल रिकामा होऊन पुढची मागणी ताटकळते. पूल नसेल, तर उघड्या राहिलेल्या जोडण्या साचतात आणि मायएसक्यूएलची मूळची १५१ ची मर्यादा भरली की ‘टू मेनी कनेक्शन्स’ येतं.