आपल्या भागातलं नवल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या शेताच्या बांधावर पहिला पाऊस पडला की मातीतून नागाचा फणा काढल्यासारखं एक फूल वर येतं, खाली हिरवी नळी आणि वर पांढरा फणा, आतून जरा जांभळट. आज्जी म्हणते हात लावू नको, तिथं साप असतो. खरं का? नाव काय त्याचं? (एक वाचक, जांबोटी)

उत्तर : अगं, हा सापकांदा! आपल्या सह्याद्रीतलाच, बाहेरून कुणी आणून लावलेला नाही, आणि तुझ्या बांधावर तो दरवर्षी येतो म्हणजे ती जागा अजून कुणी जेसीबीनं उकरली नाही हे वाचूनच मला बरं वाटलं. सापाचा आणि त्याचा काही संबंध नाही, पण आज्जी हात लावू नको म्हणतात ते मात्र ऐक. सुरण, अळू खाल्लं की घशाला खाज सुटते ना, ते ज्या बारीक सुयांसारख्या स्फटिकांमुळं होतं तेच ह्याच्यात भरपूर असतात, कच्चा कांदा कुणी तोंडात घातला तर जीभ-घसा सुजतो, म्हणून लहान पोरांना लांबच ठेव.

आता खरी गंमत सांगते. तू ज्याला फूल म्हणतेस ते फूल नाही, तो फणा म्हणजे एक बदललेलं पान, खरी फुलं अगदी बारीक, खाली नळीत दांड्याला चिकटलेली. आणि हे झाड आधी नर असतं, कांद्यात साठा वाढला, झाड दणकट झालं की पुढच्या एखाद्या वर्षी तेच मादी होऊन फळ धरतं, आणि एखाद्या वर्षी पोषण कमी पडलं तर परत नर! बुरशीवर वाढणारी चिलटं वासानं नळीत शिरतात, गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर चढता येत नाही. नराच्या नळीला तळाशी छोटी फट असते, तिथून ती अंगाला पराग फासून निसटतात, मग मादीच्या नळीत शिरली की तिथं फट नसते, परागण होतं पण चिलट आतच मरतं. फूल न तोडता वाकून नळीचा तळ बघ, फट दिसली तर नर. पावसाळा सरत येईल तसं मादीला मक्याच्या कणसासारखं हिरवं कणीस धरतं, ते पुढं लाल होतं. नर कुठला, मादी कुठली ते वहीत लिहून ठेव आणि पुढच्या जूनमध्ये परत बघ, काय निघालं ते आम्हाला नक्की कळव.

प्रश्न : सुट्टीला पोरांना घेऊन कुठं जावं? धबधब्यावरची गर्दी नको वाटते. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्ता धरा आणि रस्त्याकडेचा कातळाचा माळ दिसला की गाडी नीट बाजूला लावून उतरा, उभ्याउभ्या काही दिसणार नाही, गुडघ्यावर बसा, पोरांच्या हातात भिंग द्या. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र फार कमी, म्हणून इथली काही झाडं चक्क किडे खातात. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा, त्याच्या पानावरचे चमकणारे थेंब चिकट असतात, डास-मुंगी अडकली की सुटत नाही. आणि सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं, त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात ज्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. माळावर चालताना पाय बघून ठेवा एवढंच.

तिथूनच कणकुंबीला जा, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात, आणि ह्याच खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते, अरबी समुद्रात! एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे पोरांना नकाशा समोर ठेवून दाखवा. वाटेत हब्बनहट्टीचा मारुती, पावसाळ्यात मलप्रभा चढली की ते देऊळ पाण्याखाली जातं, तेव्हा लांबूनच बघायचं.

प्रश्न : बारापेडे गुहेतली वटवाघळं शूट करून रील करायची आहे, कसं जायचं? (कॉलेज विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : नको रे बाबा, कळकळीनं सांगते. तिथं राहणारं राटनचं वटवाघूळ विज्ञानाला ह्याच गुहेतून माहीत झालं, १९१३ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि कितीतरी वर्षं जगात त्याचा हा एकच ठाऊक असलेला ठिकाणा होता, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. लाइट आणि आवाजानं वटवाघळं बिथरतात, पिल्लं खाली पडतात. शिवाय हा भाग भीमगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचंच नाही.

रील करायचीच तर कारवीवर कर, ज्याच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून आपल्याकडं कुडाच्या भिंती करायचे तीच. ७-८ वर्षं नुसती वाढते, मग अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो आणि बी धरून सगळी झाडं मरतात. तुमच्या भागात मागं कधी फुलली ते गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचार, त्यांना साल पक्कं आठवतं, मध कधी भरपूर मिळाला त्यावरून सांगतात. त्या सालात ७-८ मिळव आणि त्या वर्षी पावसाळा संपता संपता कॅमेरा घेऊन जा.