लॅपटॉप रिपेअरमधे गेममधला आजीचा चेहरा गेला असेल तर

तुझी पोस्ट वाचली आणि लगेच लॉगिन केलं, नाहीतर आजकाल मी नुसता वाचून जातो. एल्डन रिंग ह्या गेममधे आपल्या कॅरेक्टरला आजीचा चेहरा बनवला होतास, लॅपटॉप हिंजच्या, म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीच्या, कामाला दिला, परत आला तर कोरी विंडोज, क्लाउड सेव्ह, म्हणजे खेळाची नेटवर राहणारी कॉपी, तू हॉस्टेलच्या नेटमुळे आधीच बंद केलेलं, हातात उरले फक्त दोन स्क्रीनशॉट, आणि आजी दिवाळीला बडोद्याहून इंदूरला येणारे तेव्हा तिला दाखवायचंय. अरे, हेच सगळं माझ्याबरोबर झालंय, ह्याच गावात, आणि तेव्हा माझ्याकडे होता तो आत्याचा चेहरा. म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेम परत कसा टाकायचा, क्रिएटर, म्हणजे चेहरा बनवायचा स्क्रीन, कुठे असतो वगैरे तुला येतंच, ते सोडून देतो.

सगळ्यात आधी, गेम अजून डाउनलोड करू नकोस. सी ड्राइव्हमधे विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का बघ. दुकानवाल्याने फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकली असेल तर जुनं सगळं त्यात असतं, पण विंडोज स्वतःच १० दिवसांनी ते उडवते, म्हणून आजच बघ. त्यात युजर्स, मग तुझं नाव, मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, एल्डनरिंग, आणि आत तुझ्या स्टीम आयडीच्या लांबलचक नंबरचं फोल्डर. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमधे हिडन आयटम्स चालू कर. आत ईआर०००० डॉट एसएल२ ही फाइल मिळाली तर आजी सापडली समज, तिच्याबरोबर त्याच नावाची डॉट बॅकवाली पण असते, दोन्ही उचलून पेनड्राइव्हवर घे, स्वतःला मेल कर, आणि मग बाकीचं. क्रिएटरमधे फेव्हरिट्समधे चेहरा ठेवला होता असं लिहिलंयस, तो पण ह्याच फाइलमधे असतो, वेगळा कुठे मिळणार नाही.

फोल्डर नसेल तर मग ड्राइव्ह कुठला आहे त्यावर आहे. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर लॅपटॉप बंद ठेव, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून रिकुव्हा किंवा फोटोरेक हे उडालेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम चालवून बघता येतं. एसएसडी असेल तर, वाईट वाटतं सांगायला, आशा फार ठेवू नकोस. फॉरमॅट झाला की विंडोज एसएसडीला सांगते की हे ब्लॉक आता रिकामे, त्याला ट्रिम म्हणतात, आणि ड्राइव्ह ते खरंच साफ करून टाकतो. माझ्याकडून रिकव्हरीचे म्हणून चांगले पैसे घेतले गेले आणि हातात आले ब्राउझरमधले अर्धवट फोटो आणि न उघडणाऱ्या फाइली. एसएसडीवर पैसे घालण्याआधी 'आधी फाइलींची यादी दाखवा, मग पैसे' एवढं नक्की म्हण.

आता त्या दुकानाबद्दल, कारण तुझी पोस्ट वाचताना माझं डोकं तिथेच अडकलं. नाव घेत नाही, कोणी अंदाजही लावू नका, आणि तुझं आणि माझं एकच असेल असंही मी म्हणत नाहीये. मी काउंटरवर सांगितलं होतं, जॉब कार्डवर लिहून घेतलं होतं, फक्त हिंज आणि चार्जिंगची पिन, ड्राइव्हला हात लावायचा नाही. हिंज बदलायला विंडोज लागतेच कशाला? स्क्रू काढायचे, पॅनल उघडायचं, हिंज बसवायचा, संपलं. लॅपटॉप परत घेतला, उघडला, तर विंडोजचा तो निळा वॉलपेपर. मुलगा अगदी खुशीत सांगतोय, "भिया, सर्विस भी कर दी, मक्खन चल रिया है अब." मी डेटा विचारला तर पेनड्राइव्ह दिला, "पूरा बैकअप है." पूरा म्हणजे काय, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. अ‍ॅपडेटा हिडन असतं म्हणून त्यांना दिसलंच नाही, आणि ज्या माणसाचं रोजचं काम लॅपटॉप उघडायचं आहे त्याला अ‍ॅपडेटा माहीत नाही हे मला आजही पटत नाही. मालकाला भेटलो तर त्याने जॉब कार्डाची मागची बाजू दाखवली, बारीक अक्षरात, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. पुढच्या बाजूला माझ्यासमोर त्यांनीच लिहिलेलं 'ड्राइव्ह नहीं छूना' त्याला दिसत नव्हतं. आणि मग ते वाक्य, जे तुलाही ऐकवलं गेलंय, "अरे गेम ही तो है."

गेम ही तो है नाही. माझ्या आत्याने त्या चेहऱ्यासाठी रामबागेतल्या घरी खिडकीत बसून मान इकडे तिकडे करून फोटो काढू दिले होते, नाकाचा बाक बरोबर आला तेव्हा फोनवर पाहून म्हणाली होती, "अगोबाई, हे तर आमच्या अण्णांचं नाक." हे कुठल्या बिलात लिहायचं?

तुझ्या जॉब कार्डवर काय लिहिलंय ते नीट बघ. फक्त हिंज लिहिलं असेल आणि त्यांनी न विचारता फॉरमॅट केला असेल तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकता येते. मी वकील नाही, त्यातून काय निघेल ह्याची हमी देत नाही. पण तक्रार केलीस तर जॉब कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेव आणि पुढचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कर, काउंटरवर बोललेलं नंतर कोणालाच आठवत नाही.

बरं, आता चेहरा परत बनवण्याचं. होतो. दोन स्क्रीनशॉटमधला एक क्रिएटरमधला समोरून आहे आणि दुसरा घोड्यावरचा, लिमग्रेव्ह ह्या गेममधल्या सुरुवातीच्या भागातला. समोरचा मापाला वापर, घोड्यावरचा रंगाला अजिबात नको, लिमग्रेव्हचं ऊन पिवळं आहे, त्यात सगळेच सोनेरी दिसतात.

आधी बेस टेम्प्लेट, म्हणजे गेमने दिलेला तयार चेहरा, ठरव आणि मग त्याला हात लावू नकोस, नंतर बदललास तर केलेले स्लायडर परत त्या टेम्प्लेटच्या जागी जाऊन बसतात. मग मापं. कागदाची एक पट्टी घे, स्क्रीनशॉटवर ठेवून एका डोळ्याची रुंदी पेन्सिलने मार, आणि तीच पट्टी दोन डोळ्यांच्या मधल्या जागेवर, नाकपुड्यांवर, ओठांवर ठेवून बघ. किती डोळ्यांएवढं काय आहे ते समजतं. मग तीच पट्टी क्रिएटरच्या स्क्रीनवर. झूम वेगळा असला तरी गुणोत्तर तेच राहतं. एल्डन रिंगचे स्लायडर ० ते २५५ असतात, मधे १२८, त्यामुळे एक पॉइंट दोन पॉइंटवर झुरू नकोस, ते दिसतच नाही, दहाच्या उड्या मार आणि शेवटी बारीक कर.

माझ्या मते सगळ्यात जास्त चेहरे नाकामुळे चुकतात. आपण समोरून बघत बसतो आणि नाक समोरून कळतच नाही, ते बाजूने कळतं. तुझ्याकडे बाजूचा स्क्रीनशॉट नाहीये, पण आजी तर आहे ना, बडोद्यात कोणाला तरी सांगून फोटो मागव. तिला खिडकीजवळ बसवायचं, ऊन थेट तोंडावर नको, फोन हाताच्या अंतरावर नको, चारपाच पावलं मागे जाऊन झूम करून काढायला सांग. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं आणि कान मागे जातात, त्या फोटोवरून बनवलं की आजी ओळखू येत नाही आणि मग वाटतं स्लायडर खराब आहेत. समोरून, तिरका आणि पूर्ण बाजूचा, तीन पुरे. (इंदूरचे फोटो वापरणार असशील तर रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे मिरवणुकीतला, फोटो नको, गालावर गुलाल असतो आणि त्वचेचा रंगच कळत नाही.)

वयाचा स्लायडर पूर्ण ओढायचा मोह होतो, नको. त्याने सगळे म्हातारे एकसारखे दिसतात. वय पापणीच्या जडपणात, गालाच्या खळग्यात आणि ओठांच्या पातळपणात असतं, ते स्लायडरने आण, वय मध्यमच ठेव. आणि खऱ्या चेहऱ्याची डावी उजवी बाजू सारखी नसते, गेममधे ती सारखीच राहते, त्यामुळे शंभर टक्के होणार नाही, भुवई आणि पापणी जमली की घरचे ओळखतात.

रंग. इथे मला खरंच राग येतो, कारण अर्ध्या लोकांचे भारतीय चेहरे राखाडी दिसतात आणि दोष गेमला देतात. काय करतात तर गोरा रंग घेतात आणि लाल हिरवा निळा तिन्ही एकसारखे खाली ओढत जवळजवळ आणतात. तिन्ही आकडे जवळ आले की रंग राखच होणार. सावळ्या रंगात लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा, आणि मधे अंतर पाहिजे, साधारण १५०, १०५, ७५ असं काहीतरी धरून सुरुवात कर आणि मग आजीच्या फोटोतल्या सावलीतल्या गालाकडे बघून हलव. स्किन लस्टर, म्हणजे त्वचेची चकाकी, कमी ठेव, जास्त असलं की चेहरा प्लास्टिकचा दिसतो. डोळ्याखालचं काळं थोडं दे, पण त्याचा रंग पण ब्राउनच ठेव, काळा नको.

टॅटूची जागा एकच आहे, म्हणजे कुंकू किंवा हनुवटीवरचं गोंदण, दोन्ही नाही होत. मी आत्याला गोंदण दिलं होतं, गोल खूण घेऊन आकार अगदी लहान केला, खाली हनुवटीवर आणला, आणि रंग काळा न देता निळसर हिरवा दिला, कारण जुनं गोंदण तसंच दिसतं. तुझ्या आजीला काय आवडेल ते फोनवर तिलाच विचार, मला वाटतं ती कुंकूच म्हणेल.

क्रिएटरमधे सगळं छान दिसलं तरी ते अजून पक्कं नाही. एल्डन रिंगमधे फोटो मोड नाही, आणि क्रिएटरचा उजेड एक, गुहेतला एक, बाहेरचा एक. खेळ पुढे नेऊन राउंडटेबल होल्ड ह्या गेममधल्या मुक्कामाच्या जागी पोच, तिथे आरसा आहे, फुकट आहे, हवा तेव्हा चेहरा बदलता येतो. दिवसा बाहेर बघ, रात्री बघ, मग आरशात जाऊन थोडं दुरुस्त कर. २०१४च्या ड्रॅगन एज इन्क्विझिशनमधे क्रिएटरचा उजेडच हिरवा होता आणि बिचाऱ्या लोकांना गेम सुरू झाल्यावर कळायचं की काय बनवलंय, त्याच मालिकेच्या २०२४च्या व्हेलगार्डमधे वेगवेगळ्या उजेडात बघायची सोय दिली, हे सगळ्याच गेमवाल्यांनी करायला हवं. बाल्डर्स गेट ३मधे आजी बनवायला जाऊ नकोस बरं का, तिथे तयार डोकी आहेत, नाकाचा स्लायडरच नाही, २०२३च्या तिसऱ्या पॅचने जादूचा आरसा दिला पण आरशात तीच डोकी.

एक अजून, हे कोणी सांगत नाही. ड्रॅगनची हृदयं देऊन ते ड्रॅगन कम्युनियनचे मंत्र घेत गेलास तर कॅरेक्टरचे डोळे बदलून पिवळे होतात. थ्री फिंगर्स, म्हणजे तीन बोटं, नावाच्या गेममधल्या शक्तीकडे गेलास तर अंगावर भाजल्याच्या खुणा येतात. ज्याला आवडतं त्याला आवडतं, पण दिवाळीआधी नको, आजी घाबरेल. हेल्मेट पण काढून ठेव तिला दाखवताना.

आणि आकडे. चेहरा जमला की प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढ, हाडांचं पान, डोळे, नाक, रंगाचे तिन्ही आकडे, गोंदण किंवा कुंकवाची जागा. सेव्ह फाइल कोणी उडवेल, फोटोतले आकडे फोनमधे, ड्राइव्हवर, आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पण राहतील. लॅपटॉप परत कधी दुकानात द्यावा लागला तर ड्राइव्ह काढून घरी ठेव आणि मग दे, हिंजला ड्राइव्ह लागत नाही, दुकानवाला काही म्हणो. काढता येत नसेल, काही मॉडेलमधे बोर्डावरच असतो, तर एल्डनरिंग फोल्डर आधी बाहेर कॉपी कर. स्कायरिम हा गेम मॉड, म्हणजे लोकांनी केलेले बदल, लावून खेळत असशील तर तिथे रेसमेनू ह्या चेहरा बनवायच्या मॉडचे प्रीसेट गेमच्या डेटा फोल्डरमधे एसकेएसई, प्लगिन्स, चारजेन, प्रीसेट्स इथे जातात, मॉड ऑर्गनायझर वापरत असशील तर त्याच्या ओव्हरराइटमधे, आणि सेव्हबरोबरची डॉट एसकेएसई फाइल पण घे, नाहीतर नुसत्या सेव्हमधे रेसमेनूने केलेले बदल येत नाहीत.

विंडोज डॉट ओल्ड मिळालं की नाही ते आज रात्री इथेच लिही. नाही मिळालं तर समोरचा स्क्रीनशॉट पूर्ण साइझमधे टाक, व्हॉट्सअ‍ॅपमधून गेलेला नको, आणि टेम्प्लेट कुठलं होतं ते आठवत असेल तर ते पण. माझ्याकडे आत्याचे आकडे आता लिहून ठेवलेले आहेत, नाकाचे तुला चालतील असं फोटो बघून वाटतंय, तेवढे मी उद्या ऑफिसनंतर टाकतो.