नागपूर विद्यापीठाच्या आसपास पायदळ फिरून पाहण्यासारख्या जुन्या वास्तू, पुतळे, स्मारकं कोणती?

तुमच्या मुलीची ऍडमिशन नागपूर विद्यापीठात झाली, तिला सोडायला येताय, दोन दिवस हाताशी आहेत आणि तिकीट काढून आत जायच्या ठिकाणांपेक्षा उघड्यावरचं, रस्त्यावरून दिसणारं काय काय आहे हे विचारताय. मी याच शहरात शिकलो, इथेच राहतो, आणि हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक लोक फुटाळा तलाव आणि संत्रा बर्फी करून परत जातात.

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. नागपूर विद्यापीठ एका कंपाउंडमध्ये नाही. अमरावती रोडवर कॅम्पस चौकाकडे जो मोठा परिसर आहे तिथे पीजीचे डिपार्टमेंट आणि आताचं प्रशासकीय काम, आणि महाराजबागेजवळ, रवींद्रनाथ टागोर मार्गावर जुना परिसर, तिथे दीक्षांत सभागृह. ऑटोवाल्याला नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हटलं तर तो दोन्हीपैकी कुठेही नेईल. मुलीचं काम अमरावती रोडला असेल, पण तुम्हाला जे बघायचंय ते जवळपास सगळं महाराजबागेच्या बाजूला आहे, म्हणून सुरुवात तिकडूनच करा.

या विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 ची, पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं 2005 मध्ये. तेव्हा हे नुसतं विदर्भाचं विद्यापीठ नव्हतं, नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि जबलपूर-रायपूरपर्यंतचा मुलूख याच्या हाताखाली होता. पुढे सागरला वेगळं विद्यापीठ झालं, 1983 ला अमरावतीचं झालं, 2011 ला गडचिरोलीचं गोंडवाना झालं. हे आधी सांगतो कारण एकदा 'राजधानी' हा मुद्दा डोक्यात बसला की सिव्हिल लाइन्समधल्या एवढ्या मोठाल्या इमारती तिथे का आहेत ते आपोआप कळतं. राजधानी 1956 ला गेली, दगड राहिले.

महाराजबाग म्हणजे नागपूरच्या भोसले राजांची बाग, आता तिथे छोटं प्राणीसंग्रहालय आहे आणि ते कृषी विद्यापीठ चालवतं. झाडं जुनी आहेत, सकाळी बरं वाटतं, पण मोठं आकर्षण समजून जाऊ नका. तिथून थोडं चालत पुढे गेलं की अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं. सोमवारी बंद असतं. आत जायचं नाही म्हणालात तरी इथे अपवाद करा असं मी म्हणेन. याची सुरुवात ज्या संग्रहावर झाली त्यात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोळा केलेल्या वस्तू होत्या. हा माणूस धर्मप्रचाराला आला आणि नागपूरच्या आसपासचे दगड, जीवाश्म, गोंड लोकांची भाषा, गाणी असं सगळं टिपत बसला, आणि 1863 मध्येच टाकळघाटकडून परत येताना नाल्याच्या पुरात बुडून गेला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं, तुमची मुलगी वर्षभरात शंभर वेळा ते नाव ऐकेल, म्हणून सांगितलं.

आता मुख्य गोष्ट, झिरो माईल. इथे घाई करू नका. वर्धा रोडवरून गाड्या सुसाट जातात, लोक काचेतून चार घोडे बघतात आणि 'हा भारताचा मध्य' म्हणून पुढे जातात. घोडे प्लास्टरचे आहेत आणि नंतरचे आहेत. खरी वस्तू म्हणजे तो वाळूच्या दगडाचा खांब आणि त्याच्याजवळचा सहा बाजूंचा दगड. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1907 चा हा बेंचमार्क आहे, आणि त्यावर उंची कोरली आहे, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. म्हणजे जवळपास 311 मीटर, पण त्यांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली. कशी मोजली याचा जरा विचार करा. समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून पाण्याची सरासरी पातळी काढायची, मग तिथून लेव्हलची दुर्बीण मधे आणि खुणांच्या पट्ट्या मागेपुढे उभ्या धरून एकेका टप्प्याचा चढउतार नोंदवत, रस्त्यारस्त्याने, शेकडो मैल आत इथपर्यंत ती उंची आणायची. एकेका टप्प्याची बारीक चूकही पुढे साचत जाते, म्हणून एकदा आणलेली उंची अशी पक्क्या दगडात बसवून ठेवायची, की पुढच्या कामाला परत समुद्रापर्यंत जायला नको. रस्ता, कालवा, रेल्वे काहीही बांधायचं तर या दगडापासून उंची घ्यायची.

आणि त्या सहा बाजूंच्या दगडावरची अंतरं जवळून वाचा. हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170, छिंदवाडा 83, बैतूल 101. सिवनी तर 79 पूर्णांक पाच अष्टमांश. त्या पाच अष्टमांशापाशी मी दरवेळी थांबतो, कोणीतरी सिवनीपर्यंतचं अंतर मैलाचे आठ भाग करून मोजलं आणि ते दगडात कोरायच्या लायकीचं मानलं. अक्षरं झिजली आहेत, भर दुपारी नीट दिसत नाहीत, सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा चांगली वाचता येतात. यादीत मुंबई-पुणे शोधू नका. ही सगळी जुन्या मध्य प्रांताच्या आणि दक्षिणेच्या वाटेवरची गावं आहेत, नागपूरची तोंडं तेव्हा तिकडे होती. 'देशाचा मध्यबिंदू' ही ओळख आम्हा नागपूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे, ती ठेवाच, पण दगडावर जे प्रत्यक्ष लिहिलंय ते त्याहून भारी आहे असं मला मनापासून वाटतं.

तिथून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. हे कोणत्याही टूरिस्ट यादीत नसतं आणि तुम्ही ते चुकवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. 23 नोव्हेंबर 1994, विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं, गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गावागावातून मोर्चा घेऊन आला होता, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवला, आणि संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली त्यात 114 माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. गुरं राखणारी साधी माणसं होती ती. बर्डीवरचा, म्हणजे सीताबर्डीवरचा, जो उड्डाणपूल आहे त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे ते यामुळेच. दरवर्षी 23 नोव्हेंबरला त्यांचे लोक इथे येतात. मुलीला हे सांगा, ती या शहरात शिकणार आहे.

झिरो माईलचं मेट्रो स्टेशन पण तिथेच, बाहेर फ्रीडम पार्क आहे, त्यात लष्कराचा जुना रणगाडा ठेवलाय, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आवडेल. पुढे संविधान चौक, पूर्वीचा रिझर्व्ह बँक चौक, तिथे बाबासाहेबांचा पुतळा. नागपुरातलं कोणतंही आंदोलन, आनंद, निषेध इथे होतो, 14 एप्रिलच्या रात्री तर पाय ठेवायला जागा नसते. पुतळा म्हणून बघायचा तर शांत सकाळी या.

चौकातून उजवीकडे कस्तुरचंद पार्क, आम्ही केपी म्हणतो. मोठं मोकळं मैदान आणि मधे छत्री, म्हणजे खांबांवरचा घुमटाकार मंडप. 2019 मध्ये इथे खोदकाम करताना जमिनीत जुन्या तोफा निघाल्या होत्या, म्हणजे ज्या मैदानावर आम्ही प्रदर्शनं, सभा बघत मोठे झालो त्याच्याखाली त्या पडून होत्या. आणि सकाळी आलात तर या भागातला तर्री पोहा खा, हा सल्ला इतिहासाच्या बाहेरचा आहे पण द्यावाच लागतो. तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागा, तिखट झेपत नसेल तर.

डावीकडे विधानभवन, पुढे जीपीओची लाल इमारत, आणि आणखी पुढे हायकोर्ट. माझ्या मते नागपुरातली सगळ्यात देखणी इमारत हायकोर्टाचीच. आर्किटेक्ट हेन्री वॉन लँचेस्टर, ज्यांनी जोधपूरचा उमेद भवन पॅलेस केला तेच. 9 जानेवारी 1937 ला पायाभरणी आणि 6 जानेवारी 1940 ला उद्घाटन, म्हणजे तीन वर्षांत उभी राहिली. 'दगडातली कविता' म्हणतात लोक तिला. रस्त्यावरून घुमट बघा, मग खाली खांबांची रांग बघा, एवढा मोठा आकार असून कुठेही बोजड वाटत नाही. चालू कोर्ट आहे, सिक्युरिटी असते, फोटो काढायच्या आधी गेटवर विचारा.

डिसेंबरमध्ये येणार असाल तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघून घ्या. त्या काळात विधानभवनापासून टी-पॉइंटपर्यंत सगळीकडे बॅरिकेड्स असतात, मोर्चे असतात, पायदळ फिरणं अवघड होतं. आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत हे सगळं संपवा, आमचं ऊन खरंच सहन होत नाही बाहेरच्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे धम्म स्वीकारला. स्तूपाचं डिझाईन शिवदानमल या आर्किटेक्टचं, सांचीच्या धर्तीवर, उद्घाटन 2001 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ आहे, आत उभं राहून मान वर केली की घुमटाचा खरा अंदाज येतो. बाहेरची तोरणं आणि बोधिवृक्ष निवांत बघा. आवाज हळू ठेवा, लोक इथे फिरायला नाही, नमस्कार करायला आलेले असतात.

तिथून अमरावती रोडच्या कॅम्पसकडे जाताना एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लागेल. तिथे पुतळे-बितळे शोधायची गरज नाही, पण नावामागची गोष्ट माहिती असू द्या. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण 1930 मध्ये वारले तेव्हा सुमारे 35 लाखांची इस्टेट नागपूर विद्यापीठाला देऊन गेले, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला. 1930 चे 35 लाख! त्यातून 1942 मध्ये ही संस्था उभी राहिली, आता ते स्वतंत्र विद्यापीठ झालंय.

राहिला सीताबर्डीचा किल्ला. 1817 च्या नोव्हेंबरमध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथेच लढले आणि नागपूरचं राज्य हातातून गेलं ते या टेकडीवर. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत, सामान्य लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतात. तुमची ऍडमिशनची धावपळ जुलै-ऑगस्टची असेल तर 15 ऑगस्ट जमवता येतो का बघा, ओळखपत्र सोबत ठेवा आणि सकाळीच रांगेत लागा. नाहीच जमलं तर मुलगी तीन-चार वर्षं इथेच आहे, तिला 1 मेला मैत्रिणींसोबत पाठवा. कमेंटमध्ये तुमच्या तारखा टाकल्या तर कोणत्या दिवशी काय आधी करायचं ते सांगतो.