मणक्याची नळी अरुंद झाल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का?

बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळापर्यंत जाताना आपल्या आईंचे पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते, तेव्हा इंजेक्शन घ्यावे का, असे आपण विचारले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत नुसते बधिरतेचे औषध दिलेल्यांच्या तुलनेत स्टेरॉइडही मिळालेल्यांना सहा आठवड्यांनी फारसा अधिक फायदा दिसला नाही, त्यामुळे मी तरी घाई करणार नाही. २०१५च्या दुसऱ्या एका चाचणीत शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांचे दोन वर्षांनंतरचे परिणाम जवळपास सारखेच आढळले (अर्थात, फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही खरे). लघवीवरचा ताबा सुटल्यास किंवा पायांतली ताकद झपाट्याने कमी झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.