जुने सिने-कॅमेरे, मोजमाप आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे सासरे छायाचित्रकार होते. त्यांचा चावी देऊन चालणारा बोलेक्स एच-१६ कॅमेरा कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. मुलीने तो उतरवला, साफ केला, चालू केला, आणि तेव्हापासून आपल्याला जुने सिने-कॅमेरे दुरुस्त करण्याचे आणि त्यांचे मोजमाप करण्याचेच काम करायचे आहे, असे ती म्हणते. पदविका सोडून मुंबईत कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एखाद्या संस्थेत हाताखाली काम करायची तिची तयारी आहे. तिचे वडील म्हणतात, बंद पडलेल्या धंद्यामागे धावून कोणाचे पोट भरले आहे? यात खरोखर काही भवितव्य आहे का, हे काम कुठे शिकायला मिळते, आणि ती मागते आहे ती महागडी उपकरणे आम्ही आताच घेऊन द्यावीत का?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सर्वांत निकडीचे आधी सांगतो. मुलीला पदविका अर्धवट सोडू देऊ नका. तिच्या हट्टाला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. जे काम तिला आवडले आहे, त्याचा पाया याच पदविकेत आहे, हे तिला कदाचित अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

आपल्या यजमानांचे म्हणणे निराधार नाही. आरी, पॅनाव्हिजन आणि आतों या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी फिल्मवर चालणारे नवे कॅमेरे बनवणे थांबवल्याच्या बातम्या २०११ मध्येच आल्या होत्या, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातल्या फिल्म धुणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळाही बंद झाल्या. कोडॅक आजही १६ आणि ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह बनवते आणि परदेशात काही दिग्दर्शक हट्टाने फिल्मवरच चित्रीकरण करतात, त्यामुळे जुने कॅमेरे अडगळीत गेले असे म्हणता येणार नाही. पण केवळ फिल्म कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीवर, तेही नागपुरात बसून, घरसंसार चालेल असे आपल्याला सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. तरीही आपल्या मुलीचा कल मला चुकीचा वाटत नाही, कारण ‘दुरुस्त करणे’ या शब्दाबरोबर तिने ‘मोजमाप करणे’ हेही म्हटले आहे, आणि माझ्या मते तिची भाकरी या दुसऱ्या शब्दात आहे.

हे काम नेमके काय असते ते थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे तिच्या वडिलांनाही त्याचे वजन कळेल. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स ज्या कड्यावर (म्हणजे माउंटवर) बसते, त्या कड्याच्या पृष्ठभागापासून आत गेटमध्ये फिल्म जिथे उभी राहते, त्या पातळीपर्यंतच्या अंतराला फ्लँज फोकल डेप्थ म्हणतात. सी-माउंटच्या लेन्ससाठी हे अंतर १७.५२६ मिलिमीटर ठरलेले आहे, तर आरीच्या फिल्म कॅमेऱ्यांत ते ५२ मिलिमीटर असते, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळावे लागते. समजा, हे अंतर केवळ तीन शतांश मिलिमीटरने वाढले. अशा वेळी १० मिलिमीटरची वाइड लेन्स अनंतावर लावली, तरी तिचा खरा फोकस साधारण ३.३ मीटरवर पडतो. हीच चूक १०० मिलिमीटरच्या लेन्सवर फोकस सुमारे ३३३ मीटरवर नेते, म्हणजे ती जवळजवळ लक्षातही येत नाही. म्हणूनच ‘माझ्या लांब लेन्सवर चित्र स्वच्छ येते, वाइड लेन्सच खराब आहे’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते, तेव्हा जाणकार माणूस लेन्सला हात लावण्यापूर्वी कॅमेऱ्याचे माप घेतो. भर दुपारच्या उन्हात ॲपर्चर लहान केलेले असताना हा दोष झाकला जातो. संध्याकाळी ते पूर्ण उघडले की तो उघडकीस येतो. आपल्या घरचा बोलेक्स जर रिफ्लेक्स नसेल, म्हणजे लेन्समधून थेट पाहून चित्रीकरण करता येत नसेल, तर गोष्ट आणखी नाजूक होते, कारण मग छायाचित्रकाराला लेन्सवर कोरलेल्या आकड्यांवरच विसंबावे लागते, आणि माप बिघडलेले असेल तर फिल्म धुऊन येईपर्यंत कोणतीच पूर्वसूचना मिळत नाही.

हे माप घेण्यासाठी गेटच्या पट्ट्यांवर सपाट तासलेला पोलादी ठोकळा टेकवतात आणि समोरून डेप्थ गेज लावून वाचन घेतात. ऐकायला सोपे वाटते, पण कड्याखाली अडकलेला एखादा धातूचा कण किंवा पूर्वी कोणीतरी बदललेली शिम (अंतर जुळवण्यासाठी घातलेली पातळ चकती) सगळे वाचन फिरवू शकते. त्यातच आपण नागपूरकर. मोजमापाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कॅमेऱ्याचे अंग ॲल्युमिनियमचे धरले, तर या २५ अंशांच्या फरकाने ५२ मिलिमीटरची लांबी सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढते. पोलादी गेज त्याच खोलीत त्याच्या निम्म्याने वाढतो, म्हणून वाचनात साधारण दीड शतांशाचा फरक उरतो. तो फरक कॅमेऱ्याचा नसून खोलीचा आहे, हे ज्याला ओळखता येत नाही, तो चांगल्या कॅमेऱ्याची शिम बदलून तो बिघडवतो. म्हणून कॅमेरा आणि गेज दोन्ही एकाच थंड खोलीत काही तास ठेवल्याशिवाय माप घ्यायचे नाही, आणि वहीत मापाशेजारी तापमान लिहायचे, हा पहिला नियम आहे.

बाकीच्या चाचण्या याच शिस्तीतल्या आहेत. २४ चौकटी प्रति सेकंद या वेगावर १८० अंशांचे शटर दर चौकटीला १/४८ सेकंद उजेड देते. फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप जोडून तो वेळ प्रत्यक्ष तपासता येतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर लागणाऱ्या दिव्यांखाली झगमग टाळायची असेल, तर शटर १७२.८ अंशांवर आणून वेळ बरोबर १/५० सेकंद करावा लागतो, त्यामुळे हे काम करणाऱ्याला थोडे इलेक्ट्रॉनिक्सही यायला हवे. प्रत्येक चौकट एकाच जागी थांबते की नाही हे पाहण्यासाठी उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता तिवईवर पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपतात, फिल्म मागे गुंडाळतात, तक्ता किंचित सरकवून त्याच फिल्मवर पुन्हा टिपतात. पडद्यावर दोन रेघांमधली फट श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होत असेल, तर फिल्म ओढणारी नखी, दाबपट्टी किंवा गेट यांपैकी काहीतरी झिजले आहे. बोलेक्समध्ये मिचेल कॅमेऱ्यासारखी वेगळी रजिस्ट्रेशन पिन, म्हणजे चौकट जागेवर पक्की धरणारी खुंटी, नसते, त्यामुळे तिथे दाबपट्टीचे महत्त्व अधिक.

आता उत्पन्नाचा प्रश्न. आरीचा पीएल माउंट आणि त्याचे ५२ मिलिमीटरचे अंतर फिल्मबरोबर संपलेले नाही. २०१० मध्ये आलेला ॲलेक्सा हा डिजिटल कॅमेराही त्याच माउंटवर आला, आणि आज मुंबई, हैदराबाद, चेन्नईच्या भाड्याने कॅमेरे देणाऱ्या संस्थांत लेन्स आणि माउंट तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडे तेच गेज आणि तोच कॉलिमेटर (लेन्सचा अनंतावरचा फोकस तपासणारे उपकरण) असतो. दुसरी वाट फिल्मच्या जतनाची आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून मुंबईतून जतनाचे काम आणि प्रशिक्षण कार्यशाळा करते, आणि मुंबईतले राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. जुनी ॲसिटेट फिल्म आक्रसते, तिच्या छिद्रांमधले अंतर कमी होते, आणि ते किती कमी झाले हे मोजल्याशिवाय ती स्कॅनरवर चढवणे धोक्याचे असते. म्हणजे तिथेही मोजणारा माणूसच लागतो. तिसरी वाट सर्वांत रुक्ष आणि सर्वांत भरवशाची : कारखान्यांची मोजमापाची उपकरणे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळा. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांना अशा प्रयोगशाळांची गरज बारा महिने असते. तिने पगार या तिसऱ्या वाटेवर मिळवावा, पहिल्या दोन वाटांवर हळूहळू नाव कमवावे, आणि फिल्म कॅमेरे ही आपली खास ओळख म्हणून सांभाळावी, असे मला वाटते. महाराष्ट्राला हे नवीनही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदेशी कॅमेरा समोर ठेवून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि त्यानंतर चित्रपट काढले. त्या मंडळींचा पाया कारागिरीचाच होता.

शिक्षणाबद्दल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत छायाचित्रणाचा अभ्यासक्रम आहे, पण तो कॅमेरा चालवणाऱ्यांसाठी आहे, उघडणाऱ्यांसाठी नव्हे, आणि त्याला पदवी लागते. तो आपल्या मुलीचा मार्ग नाही. तिच्या पदविकेतला मोजमापाचा विषय तिने गुणांसाठी न शिकता हातासाठी शिकावा : स्लिप गेज, डायल गेज, डेप्थ मायक्रोमीटर, सरफेस प्लेट यांवर प्रयोगशाळेत जितका वेळ मिळेल तितका घालवावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण एखाद्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत मिळावे म्हणून विभागप्रमुखांना आताच भेटावे. पदविकेनंतर शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्षाची उमेदवारी करता येते आणि तिला विद्यावेतनही मिळते. त्यापुढे सूक्ष्म यंत्रकाम शिकायचे असेल, तर चंडीगडची इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर किंवा मुंबईतली आयडेमी या संस्थांची चालू वर्षाची माहितीपत्रके मागवून पाहावीत. कॅमेरा उघडणे हे कौशल्य मात्र आजही एखाद्या जुन्या तंत्रज्ञाच्या शेजारी बसूनच येते.

म्हणून मुंबईला जायला माझी ना नाही, फक्त तंत्रनिकेतनातले नाव कमी करून जाऊ नये. उन्हाळी सुट्टीत आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन, काही आठवडे एखाद्या संस्थेत जावे. झाडलोट, लेन्स मोजून कपाटात ठेवणे, आलेल्या मालाची नोंद करणे हे काम मिळाले तरी नाराज होऊ नये. तिथे एक गोष्ट मात्र तिने बारकाईने पाहावी : कॅमेरा आला तेव्हाचे माप आणि दुरुस्तीनंतरचे माप दोन्ही लेखी नोंदले जातात का? ‘झाला बघा, घेऊन जा’ एवढ्यावर कॅमेरा परत देणारी जागा शिकण्यासारखी नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम आगाऊ मागत असेल आणि नोकरीची हमी देत असेल, तर पैसे देऊ नका.

घरच्या बोलेक्सबाबत दोन सूचना. चावीच्या स्प्रिंगचे घर तिने मुळीच उघडू नये. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर हाताला गंभीर इजा होते. घट्ट झालेल्या भागांवर बाजारात मिळणारा फवाऱ्याचा तेलकट द्रव मारू नये. तो पसरून शटर आणि गेटपर्यंत जातो आणि पुढे फिल्मवर डाग पाडतो. सुरक्षित आणि शिकवणारा प्रयोग हा की, खराब झालेली १६ मिलिमीटरची फिल्म भरावी, गेटपाशी पेनने खूण करावी, २४ च्या वेगावर घड्याळ लावून दहा सेकंद कॅमेरा चालवावा आणि पुन्हा खूण करावी. वेग बरोबर असेल तर मध्ये २४० चौकटी, म्हणजे सहा फूट फिल्म भरेल. पूर्ण चावीवर हा कॅमेरा या वेगाने सुमारे २७-२८ सेकंद चालतो, म्हणून हेच माप चावी भरल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत आणि संपत आलेल्या दहा सेकंदांत वेगवेगळे घ्यावे. दोन आकड्यांमधला फरक कॅमेऱ्याचा वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नरची प्रकृती सांगतो. पावसाळ्यात कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावेत, नाहीतर काचेवर बुरशी चढेल.

उपकरणांपैकी आज घ्यायचेच असेल, तर ०.००१ मिलिमीटर वाचणारा एक चांगला डायल गेज, त्याचा स्टँड, आणि कॅमेऱ्याच्या खाचेच्या स्क्रूंना बरोबर बसतील असे स्क्रू-ड्रायव्हर घ्या. खाच बिघडलेला एक स्क्रू काढायला अख्खी संध्याकाळ जाते. फ्लँज गेज आणि कॉलिमेटर यांच्यावर आता खर्च करू नका. ती उपकरणे एखाद्या माउंटसाठी, एखाद्या कामासाठी निवडून घ्यायची असतात, आणि तो निर्णय उमेदवारीच्या वर्षानंतर, स्वतःच्या कमाईतून, तिने घ्यावा.