ऑक्टोपस आई की अँटेकायनस बाप, मोठा त्याग कोणाचा?

प्रश्नात विचारलंय की अंडी सांभाळत उपाशी मरणारी ऑक्टोपस मादी मोठी की मीलनानंतर मरणारा अँटेकायनस (ऑस्ट्रेलियातला उंदराएवढा प्राणी) नर. त्याग दोघांचाही नाही, हार्मोन्स आहेत.

इतकं ठासून सांगतेय कारण माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला, कर्वेनगरातल्या हॉलमध्ये, सासरच्या एका काकांनी माईक घेऊन हीच ऑक्टोपसची गोष्ट लावली, ती आई कशी अन्न सोडते, अंड्यांवर पाण्याचे झोत मारत राहते, पिल्लं निघाली की मरते, आणि मग माझ्याकडे बघत "हल्लीच्या आया सहा महिन्यांत ऑफिसला पळतात". मी प्राणिशास्त्र शिकवते. माईक मागून घेतला. म्हटलं काका, १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने अंडी घातलेल्या ऑक्टोपस माद्यांच्या ऑप्टिक ग्रंथी (डोळ्यांजवळच्या, हार्मोन्स सोडणाऱ्या) काढल्या, तर त्यांनी अंडी सोडून दिली, परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. अन् ऑक्टोपसचा नरसुद्धा मीलनानंतर खंगून मरतोच की, तो कुठे अंडी सांभाळतो? आपल्या सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, तिला कोणी त्यागमूर्ती म्हणतं का? सासूबाई बरेच दिवस धुसफुसत होत्या, असू दे.

अँटेकायनस हा कांगारूच्या नात्यातला प्राणी. नर वर्षभरही जगत नाही. विणीच्या हंगामात एकेक मीलन बारा-चौदा तास चालू शकतं, टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन वाढल्यामुळे कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनला आवरच राहत नाही, रोगप्रतिकारशक्ती ढासळते, पोटात रक्तस्राव होतो आणि पिल्लं जन्मायच्या आधीच सगळे नर संपतात. म्हणजे पिल्लांसाठी मरतो वगैरे काही नाही. पिल्लं वाढवते एकटी मादी, आणि दूध यायला तिला भरपूर खावं लागतं, म्हणून पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना घरट्यात ठेवून ती शिकारीला बाहेर पडते. काकांना आईचंच उदाहरण द्यायचं होतं तर हिचं द्यायचं! सस्तन प्राणी आहोत आपण, दूध पाजणारे, आपलं नातं हिच्याशी जवळचं आहे, ऑक्टोपसशी नाही. घरात कोणी ऑक्टोपस आईच्या त्यागाचा व्हिडिओ फॉरवर्ड केला तर गप्प बसू नका, तिथेच उत्तर द्या.

हां, आणि सगळ्याच ऑक्टोपस माद्या एकदा अंडी घालून मरतात असंही नाही, पॅसिफिकमधली पट्टेवाली मोठी जात पुन्हा पुन्हा अंडी घालते आणि त्या काळात खातेपितेसुद्धा.